सातवे मूल

९ ऑक्टोबर

क्षमा असावी. कोणाची मागते आहे ते मलाही नीट ठाऊक नाही. या कोऱ्या पानाचीच समजा. रोजनिशी लिहावी असे माझ्या आयुष्यात काही घडत नाही, आणि घडलेच तर ते मी मोठ्यांच्या पाठीमागे उभी राहून पाहते. पण आज जे पाहिले ते गिळून गप्प बसणे जमेना, म्हणून हा आगाऊपणा.

आईचे पाळणाघर बंद झाले!

सकाळी अधिकारीबाई न कळवता आल्या. परवाना सहा मुलांचा, बाहेरच्या खोलीत मुले सहाच. औषधांचे कपाट कुलूपबंद, जिन्याला आडवी फळी, सारे चोख. बाई निघणार, तेवढ्यात आतल्या खोलीतून छकुली रडली. ताईची नऊ महिन्यांची लेक.

"ही सातवी," बाई म्हणाल्या.

आईला हसूच आले. "अहो, ही माझी नात! नातीला काय हजेरीत धरायचं?"

"धरायचं. घरचं असो की बाहेरचं, मावशी, सांभाळणारे हात दोनच ना?"

परवाना स्थगित. सुनावणी चोवीस तारखेला.

नियमपुस्तिका आईला मीच वाचून दाखवली होती. ते कलम आले तेव्हा ती म्हणाली होती, "ते आपल्याला नाही, पुढे वाच." मी पुढे वाचले. आज निदान बाईंपुढे दोन शब्द बोलायला हवे होते. शाळेत पहिली आलेली मुलगी, आणि जीभ टाळूला चिकटून बसली! बाई जाता जाता म्हणाल्या, "तक्रार आली होती, म्हणून यावं लागलं."

तक्रार. कोणाची, ते मला सांगायला नको.

१० ऑक्टोबर

समोरच्या इमारतीतही एक पाळणाघर आहे. चालवणाऱ्या बाईला मी मनातल्या मनात गोडबोली म्हणते. आज फाटकापाशी तिने मला गाठले. "अगंबाई, ऐकलं हो! आईला म्हणावं, जिवाला लावून घेऊ नको. मुलांची सोय मी करते. माझ्याकडे जागाच जागा!"

मी मान डोलावली. मान डोलावली!

अर्ध्या तासात आमची चार मुले आपापल्या पिशव्या घेऊन तिच्या जिन्याने वर गेली. धाकटा सारखा मागे वळून आमच्या खिडकीकडे पाहत होता. आई खिडकीत उभी राहून त्याला हात हलवत होती, हसत होती, आणि दुसऱ्या हाताने पडदा मुरगाळत होती.

असल्या गोडव्याला मुंग्यासुद्धा लागायच्या नाहीत.

१२ ऑक्टोबर

सोडणार नाही तिला.

१५ ऑक्टोबर

तीन दिवस गॅलरीत पुस्तक घेऊन बसते आहे. लाजऱ्या मुलीचा हा एक फायदा असतो — ती कुठेही बसली तरी लोकांना वाटते, वाचते आहे.

तिच्या गॅलरीच्या गजांतून मुलाचे डोके सहज जाईल. स्वयंपाकघराला दार नाही. नवरा दिवसभर घरात असतो. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाची नोंद आणि पडताळणी लागते, त्याची झाली असेल असे मुळीच वाटत नाही. दुपारी मुलांना झोपवून ती मागल्या दाराशी शेजारणीबरोबर गप्पा छाटते. झोपलेले मूल नजरेच्या टप्प्यात हवे, असा नियम आहे, बाईसाहेब!

तक्रारीचा मसुदा केला. एकेक वाक्य घासून घासून लखलखीत केले. भाषेच्या बाईंनी मला शिकवले ते बहुधा याच कामासाठी. तिचा परवाना जायला हवा. नुसता स्थगित नव्हे, रद्द! मग तिनेही खिडकीत उभे राहून हात हलवावा.

१८ ऑक्टोबर

ताई छकुलीला न्यायला आली. आई नळाशी होती. मी ताईला आत ओढून मसुदा वाचून दाखवला. आयुष्यात पहिल्यांदाच कोणापुढे इतक्या ठसक्यात वाचले असेन.

ताई म्हणाली, "छान लिहिलंयस. पण आपल्यावरची तक्रार तिनं नाही केली."

"मग कोणी?"

"मी."

ती छकुलीचे झबले बदलत होती. हात थांबले नाहीत.

"हिच्या कपाळावर टेंगूळ आलं होतं, आठवतं? पलंगावरून पडली. किती वेळ पडून होती, आईला माहीतही नाही. मी म्हटलं, आई, दोन मुलं कमी घे. तर म्हणते कशी, लोकांची मुलं आधी, त्यांना जाब द्यावा लागतो. आपलं काय, घरचंच आहे!"

"म्हणून स्वतःच्या आईवर?"

"तीनदा सांगितलं तिला. चौथ्यांदा त्यांना सांगितलं."

बाहेरून आईने विचारले, "काय गं, कसली कुजबुज दोघींची?"

"काही नाही गं," आम्ही दोघी एकदमच म्हणालो.

१९ ऑक्टोबर

ताईचा इतका राग आला आहे की शब्द सुचत नाहीत. मला! घर एका मुलीने बुडवले आणि दुसरी मूर्खासारखी समोरच्या गॅलरीचे गज मोजत बसली. सुनावणीत आईच्या बाजूने मी बोलणार. ताईने ऐकावे आणि शरमेने खाली बघावे.

२४ ऑक्टोबर

सगळ्यांसमोर उभी राहून बोलले. आईची बारा वर्षे, एकदाही गैरप्रकार नाही, नियम समजण्यात झालेली चूक. ताई कामावर होती, तिने काही ऐकलेच नाही. अधिकारीबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मुलगी हुशार आहे हो तुमची." परवाना परत मिळाला. अट एकच: छकुली इथे राहिली तर बाहेरची पाच.

आई लगेच म्हणाली, "नाही बाई, नात आता तिच्या आत्याकडे असते."

छकुलीला आत्या नाही.

२७ ऑक्टोबर

पाळणाघर पुन्हा सुरू. सहा मुले. आईने ताईला सांगितले, पाचच घेतली. अधिकारीबाईंना सांगितले, छकुली नसते.

छकुली आतल्या खोलीत असते. दार ओढून घेतलेले.

आईने मला शिकवले, "बेल वाजली की तू तिला घेऊन आत बस. कडी लाव. रडली तर तोंडावर हात धर, हलकेच. इतकी शिकलीस, एवढं जमेल ना?"

दुपारी बेल वाजली. मी हात धरला. हलकेच. तिचा श्वास तळव्यावर गरम लागत होता. ती रडायची थांबली आणि माझ्याकडे टक लावून बघत राहिली. बाहेर कोणाची तरी आई डबा विसरली म्हणून आली होती. मग माझी आई तिला म्हणाली, "निर्धास्त जा हो, मी डोळ्यांत तेल घालून बघते यांना."

यांना.

रात्री जेवले नाही. आईने विचारलेही नाही. ती मुलांच्या चादरींच्या घड्या घालत होती, एकूण सहा.

२८ ऑक्टोबर

गोडबोलीवरचा मसुदा फाडला. नव्याला दहा ओळी पुरल्या. पाळणाघराचा पत्ता: आमचा. नाव गुप्त ठेवावे काय: नको. तक्रारदाराचे चालिकेशी नाते: मुलगी.

छकुली मांडीवर असतानाच तक्रार पाठवली. २८ ऑक्टोबर, दुपारी दोन वाजून दहा मिनिटे.