शून्य टक्के भरमू अण्णा

३ जून, सोमवार
सर्व्हर परत रडतोय. कारखान्याचे मालक शरद सर पाठीमागे उभे — "पूर्णिमा, आत काय चाललंय ते दाखव." काळ्या खिडकीत टॉप कमांड चालवली. कुठला प्रोग्रॅम, कुणाच्या लॉगिनवर, प्रोसेसर किती टक्के खातोय — अख्खी यादी समोर. शेजारच्या टेबलावरचा आदर्श ६२ टक्के. मशिनींचं बघणारे भरमू अण्णा ०.० टक्के. सर लई खूश. तेव्हाच खिडकी बंद करायला पाहिजे होती!

४ जून
सरांचा नवा शोध — जास्त टक्के म्हणजे जास्त काम. रोज चार वाजता यादी छापून टेबलावर पाहिजे. मच्छे गावातल्या दुसऱ्या कुठल्या कारखान्यात एवढा विद्वान मालक नसेल. आदर्शनं चाळीस टॅब उघडून ठेवलेत, निम्मे क्रिकेटचे. सगळ्यांसमोर त्याचं कौतुक झालं.

५ जून
सरांना थ्रेड, म्हणजे एकाच प्रोग्रॅममधले कामाचे वेगवेगळे धागे, उलगडून दाखवले. अण्णांचा प्रोग्रॅम अकरा लेथ मशिनींचे आकडे घेतो, दर मशिनीला एक थ्रेड. मशिनीनं हाक मारली की उठतो, आकडा लिहितो, परत झोपतो.
"म्हणजे अकराच्या अकरा झोपलेलेच की!" — सर.
अण्णा नुसते हसले. "पूर्णे, कमी लाकडात पाणी तापलं तर चूल वाईट व्हय गं?"
बारा वर्षं या माणसानं मशिनी सांभाळल्यात. मला इथलं सगळं त्यांनीच शिकवलं.

७ जून, शुक्रवार
आज माझ्या लॉगिनवर एक रिकामा लूप सोडला. काम काही करत न्हाय, नुसता गरगरतो. ९९.८ टक्के! सोमवारी सरांना सांगणार — बघा तुमचं मोजमाप. तोंड बघण्यासारखं होईल.

१० जून, सोमवार
सांगायलाच केबिनमध्ये गेलते. सरांच्या हातात शुक्रवारची यादी. "चार माणसांचं काम एकटी करतेस. अण्णांचंही आता तूच बघ. त्यांना महिनाअखेर सोडतोय."
आणि मला बढती. "थँक्यू सर," मी म्हणाले. लाज वाटते लिहायला, पण तेवढंच म्हणाले, लूपचं सांगितलंच न्हाय.
बाहेर अण्णा उभे होते. "तुझ्याच हातात गेलं, बरं झालं गं. दुसऱ्या कुणाला जमलं नसतं."

११ जून
चार वाजता यादी छापून दिली. सर्व्हर आणखीच रडतोय. लूप बंद केला न्हाय.