पाखराले मणी शिकवला

११ नोव्हेंबर २०२४, सोमवार

बैलाची घंटी उशाशी ठेवली होती, तं माह्या म्हाताऱ्यानं अंगणात फेकून देल्ली. लकव्यानं उजवं अंग गेलं, जीभ गेली, मिजास नाई गेली. जलमभर सुगरणीची पाखरं शिकवली, बाजारात खेळ केले — आता घंटी वाजवून बायकोले बोलावू का, म्हणते. म्हणते म्हंजे डोळ्यानं.

सकाळपासून दोन वाजेपर्यंत आंथरुणात ओला पडून होता. मी अन् सून शीला नाल्यापल्याड वावरात कापूस वेचून राह्यलो होतो. घंटी तिथवर आयकू आलीच नसती म्हणा.

लेक बादल लोहाऱ्याहून फोनवर म्हणे, "याडी माय, इथं म्हातारे सांभाळाची जागा आहे. पयल्या तारखेच्या रविवारी बापाले नेतो." लेक आहे का सामान उचलाले आलेला ट्रकवाला?

१२ नोव्हेंबर

यानं शिकवलेलं एक पाखरू उरलं आहे. विहिरीत टाकलेली आंगठी पाण्याच्या वरच झेलते. मंग मणी आणाले त्याले काय धाड भरली? ठरवलं — याले काही लागलं का डाव्या हातानं पाखराच्या चोचीत दोऱ्यात ओवलेला लाल मणी द्याचा. पाखरानं तो माह्याजवळ आणाचा.

शीला हासली. "याडी, मोबाईल घ्या नं." वावरात रेंज नाई, घरात त्याले जीभ नाई. काय नाकानं बोलन?

१९ नोव्हेंबर

खाटेपासून चुलीपर्यंत जमलं. पाखरू भुकेल्या पोटीच शिकते. मी काचळी-फेटियात, आमच्या आरशाच्या चोळी-घागऱ्यात बसते, मुठीत बाजरी. येते, काचळीच्या आरशात आधी सोताले पाह्यते, मंग मणी टाकते. नखरे पाहा.

म्हातारा डाव्या हातानं मांडी ठोकत होता. तीन महिन्यानं हासला. तोंड वाकडं होते, पण हासला.

२३ नोव्हेंबर

नाल्यापर्यंत आलं.

२६ नोव्हेंबर

वावरात नाई आलं. घरी आली तं पाखरू पिंजऱ्यात, चोच रिकामी. हा ओला, डोळे लाल. मणी देल्ला होता का, इच्यारलं. मान हालवली — हो. मंग कुठं गेला मणी? पाखरानं गिळला?

२८ नोव्हेंबर

आजही नाई. पडून पडून याच्या पाठीले जखम झाली आहे, शीलानं दाखवली. आधी पाखराले शिव्या देल्ल्या, मंग त्याले. म्हटलं, "तुमची विद्या खोटी अन् तुमी आळशी. मणी देतच नाई तुमी."

भिंतीकडं तोंड केलं त्यानं.

२९ नोव्हेंबर

तोंड भिंतीकडंच. भाकर शीलाच्या हातून खाल्ली.

१ डिसेंबर, रविवार

बादल याले घेऊन गेला. मी आडवी नाई आली. म्हटलं, ने बाबा. माह्यानं नाई होत. जाताना म्हाताऱ्यानं पाखराकडं पाह्यलं. माह्याकडं नाई.

३ डिसेंबर

कोणासाठी ठेवू म्हून पाखरू सोडाले पिंजरा वावरात नेला. उघडल्याबरोबर धुऱ्यावरच्या, बांधावरच्या बाभळीत जाऊन बसलं. हात पुढं केला, बाजरी दाखवली. ढुंकून नाई पाह्यलं. गेलं तं जाऊ दे.

मी वेचाले लागली. ऊन तापलं तसा शर्ट काढला. कापसाची पऱ्हाटी हात ओरबाडते म्हून वेचताना आमी साऱ्याच बाया वरून गड्यामाणसाचा जुना शर्ट घालतो. शर्ट निघाला, आरशावर ऊन पडलं, अन् पाखरू बाभळीतून सरळ माह्या छातीवर.

घरी शिकवताना एक दिवस शर्ट नाई घातला मी. नाल्यावर गेली तेव्हाही नाई. शर्टातली बाई पाखराची कोण लागते?



४ डिसेंबर

उजाडल्यावर बाभळीखाली वाकून पाह्यलं. सात मणी सापडले. दोऱ्यासगट.

शीलाले सांगतलं, बादलले फोन लाव, बापाले आजच घेऊन ये म्हणा. सात खेपा बोलावलं तं काहून नाई आली, हे म्हातारा डोळ्यानं इच्यारनच. जवाब मी देईन. बादलनं मधात बोलाचं नाई, तूबी नाई.