चाळीस दिवसांचं अक्षर

दि. ९, शुक्रवार, दुपार

चि. सौ. धाकटीस,

थोरल्या जावेचे आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. सासूबाईंचा गुडघा ठीक, ह्यांचा खोकला ठीक, मोरीतली गळती ठीक, म्हणजे होती तिथेच आहे. भाऊजींना सांग, त्यांची सायकल मी वापरते. घंटी तुटलीय, पण ती माझ्या हातून नाही तुटली.

तुझं पार्सल परवा मिळालं. मिळाल्याचं कळवायला नको का, म्हणून लिहायला बसले.

त्याच्या आधीचं तुझं पत्र ह्यांनी जेवताना मोठ्यानं वाचलं होतं. तुला ऑफिसनं बूट दिले. मापाचे. दोन खांद्यांची पिशवी दिली. तुमच्याकडची पाण्याची नवी मीटर म्हणे रस्त्यावरून मशीन दाखवलं की आकडा देतात, झाकण उचलायला नको, गुडघे टेकायला नकोत. आणि पगाराच्या चिठ्ठीत एक रकाना आहे, धुलाई भत्ता.

"कपडे धुवायचेसुद्धा पैसे!" सासूबाई म्हणाल्या. "ऐकलंस का गं?"

ऐकलं की. सोळा वर्षं या घरातल्या सगळ्यांचे कपडे धुतेय, मला कोणी रकाना दाखवला नाही.

पुढे तू लिहिलं होतंस, मंगळवारी अंग दुखत होतं म्हणून रजा टाकली आणि दिवसभर खिडकीत बसून राहिले. त्या दिवसाचा पगार कापला नाही. हे वाचताना ह्यांचा आवाज असा भरून आला, जशी काही तू गडच जिंकलास. मी उठले आणि आमटीत दुसऱ्यांदा मीठ घातलं. पाण्याचा तांब्या दोनदा फिरला. सगळ्यांना कळलं होतं.

माझं काय चाललंय म्हणशील, तर तेच. पहाटे मुकादमाच्या शिट्टीवर हजर. तू गेल्यावरही तो शिट्टीच वाजवतो, आम्ही जशी काही गुरंच. दिवसाला दीडशे झाकणं, दीडशे वेळा गुडघे जमिनीला. आकडा मिळाला तर पैसे. दार बंद असेल तर फुकटची पायपीट. गेल्या आठवड्यात एका खड्ड्यात बेडूक मीटरच्या काचेवरच बसला होता. त्याला म्हटलं, बाबा सरक, तू कायम असशील, मी ठेक्यावर आहे.

पार्सल उघडलं. एकच जुनी वही निघाली. चिठ्ठीवर एवढंच, "ताई, सुनावणीला उपयोगी पडेल. काळजी घ्या." बाकी शब्द नाही.

वही मी ओळखली. ठेक्याच्या दिवसांत तू रोज संध्याकाळी ओट्याशी उभं राहून तिच्यात काहीबाही लिहायचीस, आणि मी म्हणायचे, "आल्या बघा इतिहास लिहिणाऱ्या बाई!"

आता पाणी येईल. उद्या लिहिते.

दि. १०, शनिवार

काल पाणी आलंच नाही. मला लिहायचं नव्हतं म्हणून उठले.

वही काल वाचली. तीन वर्षांपूर्वीच्या त्या सकाळचं पान तू दुमडून ठेवलं होतंस. त्यातल्या ओळी मला आता पाठ झाल्यात. "ताईंना कामावर कुत्रं चावलं. शेवटची गल्ली, हिरवं फाटक, साडेनऊ. काच पुसून झाली होती, आकडा अर्धा लिहिला होता. पोटरीला नऊ टाके. दिवस मोडायला नको म्हणून आजपासून त्यांचं मीटरचं पुस्तक त्यांच्या नंबरावर मी भरतेय." आणि पुढे चाळीस दिवस, रोज दोन ओळी. तुझी वस्ती, मग माझी वस्ती.

बुधवारी माझी शेवटची सुनावणी आहे, हे ह्यांनी तुला कळवलं असणार. त्यांच्या पोटात काही राहत नाही. तीन वर्षं खंड न पडता काम केलं असेल तर कायम करायचं, हा नियम तुलाही लागला आणि मलाही. तुझे दिवस भरले. माझे चाळीस दिवस चौकशीत खोडले गेले, कारण त्या पानांवरचं अक्षर माझं नव्हतं. आता नव्या कामगार अधिकारी बाई आल्यात. त्या म्हणतात, कामावर असताना जखम झाली असेल तर ते दिवस भरपगारी रजेत धरायचे, तो खंड नाही. हा आमचा हक्कच होता म्हणे! इतकी वर्षं कोणी सांगितलं नाही. पण कामावर चावलं याला पुरावा पाहिजे. मुकादम म्हणतो, बाई त्या दिवशी आल्याच नव्हत्या. डॉक्टरच्या कागदावर तारीख आहे, जागा नाही. हिरव्या फाटकवाला म्हणतो, आम्ही कधी कुत्रं पाळलंच नाही. हे तो सांगत होता तेव्हा ते आतून भुंकत होतं.

तेव्हा पुरावा एकच. तुझी वही.

आणि तुला काय वाटलं, मला कळणार नाही? ज्या ओळीत मी कामावर होते असं लिहिलंय, त्याच ओळीत तू माझ्या नंबरावर आकडे भरलेस असंही लिहिलंय. एक दाखवून दुसरं झाकता येत नाही. तुझं कायम होऊन अजून वर्ष झालेलं नाही. पहिल्या वर्षात असली जुनी गोष्ट निघाली तर तुला घरी बसवतील. बूट, पिशवी, धुलाई भत्ता सगळं परत. हे तुला माहीत होतं आणि तरी तू ती वही कागदात गुंडाळून, वर दोरी बांधून पाठवलीस.

मला आधी काय वाटलं सांगू? रडू नाही आलं. राग आला. म्हटलं, यातही हीच वर! नोकरीत वर, सासूबाईंच्या कौतुकात वर, आता चांगुलपणातही मला पायरीवर बसायला जागा ठेवली नाही हिनं.

असली आहे मी. तुला ठाऊक असेलच.

दि. १२, सोमवार, सकाळ

काल दिवसभर कागद समोर घेऊन बसले होते. सासूबाई दोनदा विचारून गेल्या, "पत्र लिहितेस की पोथी?" आज पोस्ट उघडायच्या आत संपवते.

धाकटे, तुझ्याविरुद्धची ती निनावी तक्रार मी लिहिली होती.

आता लिहून टाकलंय, तर सगळंच लिहिते.

चावल्यानंतरचे ते चाळीस दिवस मी खाटेवर पाय वर करून पडून होते. तू पहाटे जायचीस, तुझी वस्ती उरकून माझी करायचीस, आणि दुपारी चिखलाच्या गुडघ्यांनी येऊन माझ्या उशाशी माझ्या पैशाचं पाकीट ठेवायचीस. "ताई, तुमच्या वस्तीत माणसं चांगली आहेत हो, पाणी विचारतात," म्हणायचीस. मला तुझे पाय धरावेसे वाटायला हवे होते. मला काय वाटलं? ही पोर दोघींचं काम एकटी करते. मग मी कशाला हवी? तुला या कामाला मी आणलं. झाकण कसं उचलायचं, काच कशी पुसायची, काटा दोन आकड्यांच्या मध्ये असला तर मागचा आकडा धरायचा, पुढचा कधी धरायचा नाही कारण तो अजून झालेला नसतो, हे सगळं तुला मी शिकवलं. आणि तू माझ्या वस्तीत माझ्यापेक्षा लवकर फिरून यायचीस!

मग दोनेक वर्षांनी कायम करायची यादी निघणार म्हणून बोलवा झाली. मुकादम मला म्हणाला, "एका घरातून एकच घेतील हं, बाई." कशावरून म्हणाला, देव जाणे. नियमात असं काही नव्हतंच. पण मी पुढचा आकडा धरला. घरी आले तर तू आणि सासूबाई शेंगा सोलत हसत होतात. काय विनोद होता माहीत नाही. मला वाटलं, माझ्यावरच हसताय.

त्याच दुपारी, तुम्ही दोघी पडल्या असताना, मी डाव्या हातानं लिहिलं. "रीडर नंबर सत्तेचाळीस घरी बसून आकडे भरते." सत्तेचाळीस म्हणजे तू. शुद्ध खोटं. आणि मोठी न्यायाची चाड असल्यासारखं खाली जोडलं, "शेजारच्या वस्तीची पुस्तकंही तपासावीत." शेजारची वस्ती कोणाची, तर माझी! लिहिताना डोक्यातच आलं नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

त्यांनी तुझ्या पुस्तकातला एकेक आकडा घरोघर जाऊन पडताळला. एकही चुकला नाही. उलट साहेबांनी तुझं नाव वर टाकलं. मग शेजारचं पुस्तक काढलं. मला समोर बसवून एक ते दहा लिहायला लावलं. तू माझ्यासारखे आकडे काढायचा खूप प्रयत्न केला होतास गं, पण तुझा नऊ काही लपला नाही. "हे अक्षर कोणाचं?" मी गप्प राहिले. चांगली म्हणून नाही. तोंड उघडलं तर तक्रारीचंही बाहेर पडेल, या भीतीनं.

आणि वर वर्षभर तुझ्यावरच धुमसत राहिले. तुझी नेमणूक दुसऱ्या गावी झाली, तेव्हा तुला निरोप देताना स्टँडवर मी सासूबाईंच्या औषधाचं निमित्त करून लवकर निघाले. मनात म्हणत होते, ही का नाही बोलली? हिला आपली नोकरी प्यारी. आता कळतं, तू बोलली असतीस तर दोघींची गेली असती. तू वही जपून ठेवलीस, आणि माझ्या कामी येईल अशी वेळ आल्यावर न मागता पाठवलीस.

आता ऐक. वही या पत्राबरोबर परत पाठवतेय. पान फाडलेलं नाही. शनिवारी फाडायला घेतलं होतं, चावल्याचा वरचा भाग ठेवून खालचा काढून टाकू म्हणून. पण अर्धा आकडा कधी कोणी धरत नाही, हे मीच तुला शिकवलंय. पोस्टात टाकते म्हणजे बुधवारी माझा मोह मला गाठणार नाही.

बुधवारी मी बाईंना पोटरी दाखवेन, डॉक्टरचा कागद दाखवेन, हिरव्या फाटकापाशी त्यांना घेऊन जाईन, भुंकू दे त्याला. पुस्तक कोणी भरलं विचारलं तर सांगेन, मी भरून घेतलं, नाव सांगणार नाही. कायम झाले तर तुझ्याआधी सासूबाईंना माझ्या धुलाई भत्त्याचं सांगेन. नाही झाले तर बेडकाला सरक म्हणत राहीन. माझी पंचेचाळिशी उलटलीय, गुडघे किती वर्षं साथ देतील माहीत नाही. भीती वाटते. ती तुला नाही तर कोणाला सांगू?

तुझा हेवा मला अजून वाटतो. बुटांचा वाटतो, खिडकीतल्या मंगळवाराचा तर फारच वाटतो. पण तुझं जाऊन मला मिळावं असं आता वाटत नाही. हे लिहून परत वाचलं. खरं आहे.

माफी मागत नाही. मागितली तर तू लगेच देशील, आणि मग परत तूच वर.

हे पत्र मात्र जाळू नकोस. वहीच्या त्याच पानात घालून कडीकुलुपात ठेव. उद्या कोणी तुझ्यावर बोट ठेवलं की हिनं दुसरीच्या नंबरावर आकडे भरले, तर हे पुढे कर. त्यांना कळू दे की थोरली जाऊ खाटेवर होती, घरात तिचं चालत होतं, आणि धाकटीला नाही म्हणायची सोय नव्हती. तू नाही म्हणाली असतीस की नाही, ते आपल्या दोघींतच राहू दे. आणि तुझ्याविरुद्धची तक्रार खोटी होती, हेही यात माझ्या उजव्या हातानं लिहिलंय. अक्षर पडताळून घ्या म्हणावं.

भाऊजींना आशीर्वाद. रजा घे अधूनमधून. खिडकीत बसलीस की दोन मिनिटं माझ्या नावानं बस.

त्या कागदाखाली मी सही केली नव्हती. या कागदाखाली करते.

तुझी थोरली जाऊ,
रीडर नंबर एकतीस