अकरा गावांचा एकच आराखडा

मंठा,
दि. ९ फेब्रुवारी १९९८

प्रिय कौसल्याताई,
सप्रेम जयभीम.

दोन वर्षं होत आली, पत्र लिहिलं नाही. तुमचा बदनापूरचा पत्ता ऑफिसच्या जुन्या फाइलमध्ये सापडला. तुम्ही आणि आई बऱ्या असाल असं धरून चालतो. इकडे ठीक आहे. उषाच्या बालवाडीत यंदा चोवीस पोरं आहेत. आम्ही अजून संस्थेच्या आवारातल्या त्याच दोन खोल्यांत राहतो. मागच्या बाजूला अध्यक्ष काकासाहेबांनी नवीन सभागृह बांधलं, त्यामुळे स्वयंपाकघरात आता दिवसाही दिवा लावावा लागतो. शाळू काढणीला आलाय. बाकी नवीन काही नाही.

लिहायला कारण असं की, आपल्या कार्यक्रमाला मदत देणाऱ्या पुण्याच्या कार्यालयाने यंदा एक अट घातली. पुढची तीन वर्षं मंजूर करण्याआधी बाहेरचा एक सल्लागार नेमा, म्हणाले. गावांचे आराखडे कसे केले, कोणाला विचारलं, काय ठरलं आणि ते कोणी ठरवलं, हे त्याने तपासायचं. आम्ही पेपरात जाहिरात दिली. तीन अर्ज आले. काकासाहेबांनी ते माझ्यापुढे टाकले आणि म्हणाले, "बद्री, कागद वाचणारा माणूस बघ. फिरणारा नको."

पहिला अर्ज औरंगाबादच्या एका तरुण बाईंचा होता. महिनाभर गावांत मुक्काम करीन असं त्यांनी लिहिलं होतं. दुसरे पुण्याचे, त्यांना मोटार हवी होती. तिसरे परभणीचे दाशरथे सर. कृषी विद्यापीठातून निवृत्त झालेले, वय चौसष्ट. त्यांनी अर्जातच लिहिलं होतं की गुडघे दुखतात, तरी कामात कसूर होणार नाही. मी त्यांचं नाव पुढे केलं. काकासाहेबांनी माझी पाठ थोपटली.

कामाची रूपरेषाही मीच लिहिली. "उपलब्ध कागदपत्रांच्या आधारे" हे शब्द मी तीन ठिकाणी घातले.

सर आले ते एसटीने, हातात एक पिशवी. दोन दिवस सभागृहात बसून त्यांनी अकराही गावांचे आराखडे वाचले. तिसऱ्या दिवशी मला बोलावून अगदी साधेपणाने विचारलं, "अकरा गावांनी गरजा सांगितल्या, त्याही एकाच क्रमानं?" मी हसलो. मुलूख एकच आहे, अडचणी सारख्याच असणार, असं काहीतरी म्हणालो. ते बरं म्हणाले. मग त्यांनी बैठकांचे मूळ कागद मागितले. मी सांगितलं, वाळवी लागली. मग बैठका घेणाऱ्या कार्यकर्त्यांची नावं विचारली. हजेरीपटावर शिरवाडीच्या पुढे तुमचं नाव आहे.

तेव्हा ते कदाचित तुम्हाला लिहितील. तसं झालं तर घरच्या अडचणीमुळे काम सोडलं, एवढंच कळवावं, असं काकासाहेबांचं म्हणणं आहे. ताईची बालवाडीवर कुठेतरी सोय करू, असंही ते म्हणाले. हे त्यांनी सांगितलं तसं लिहिलं. माझं वेगळं काही म्हणणं नाही.

आईंना नमस्कार सांगा.

आपला नम्र,
बद्रीनाथ
नियोजन अधिकारी



मंठा,
दि. १९ फेब्रुवारी १९९८

कौसल्याताई,
जयभीम.

तुमचं उत्तर आलं नाही. ते आलं असतं तर मी ते काकासाहेबांना दाखवलं असतं, म्हणून आलं नाही ते बरंच झालं. हे पत्र मी शाळेमागच्या चिंचेखाली बसून लिहितोय. उषाला पोस्टात जातो म्हणून सांगून आलोय. उषा काकासाहेबांची पुतणी आहे हे तुम्हाला माहीतच आहे. आमच्या घरात जे बोललं जातं ते पलीकडे पोचतं. ती मुद्दाम सांगत नाही. काका विचारतात, ती सांगते.

सोमवारी दाशरथे सर म्हणाले, शिरवाडीला जाऊ. मी गुडघ्यांची आठवण दिली. ते म्हणाले, गुडघे माझे आहेत, तुम्ही रस्ता दाखवा. काकासाहेबांनी मला बाजूला घेऊन बजावलं की, एक क्षणही त्यांना एकटं सोडायचं नाही. फाट्यापासून आम्ही पायी गेलो. सर दर फर्लांगाला थांबत होते. वाटेत त्यांनी विचारलं, शिरवाडीच्या बैठकीला तुम्ही स्वतः होता ना? संस्थेच्या ठरावात तसं लिहिलंय. मी हो म्हणालो.

आधी गावात सरपंचांकडे चहा झाला. समाजमंदिरात शिलाई मशीन दाखवली. सात मशीन पोत्यांनी झाकलेल्या, वर कडब्याच्या पेंढ्या. सरांनी एका मशीनचं चाक फिरवून बघितलं, ते जाम होतं. मग म्हणाले, आराखड्यात लिहिलंय की बौद्धवाडीच्या बायकांनी पहिली मागणी मशीनची केली, त्या बायका कुठं आहेत?

वस्तीत झुंबरबाई ओट्यावर डाळ पाखडत होत्या. सरांनी खाली फरशीवर बसकण मारली आणि विचारलं, आजी, तुमच्याकडं बैठक झाल्ती का? त्या म्हणाल्या, "झाल्ती न्हवं. कौसल्या आल्ती. चार दिस राह्यली. आमच्याकडून कोळशानं सारी वस्ती काढून घेतली कागदावर. हिरीची वाट काढता काढता कागद संपला, मंग दुसरा जोडला. आम्ही म्हणलं, बाई, आम्हाला आमचा हापसा दे. वरच्या हिरीवर दोन-दोन घंटे उभं राहून कोणी पाणी वाढंल याची वाट पाहायची, ते बंद कर. तिनं बराबर लिवलं. मंग तीबी आली न्हाई, हापसाबी आला न्हाई. ह्या मशिनी आल्या."

सरांनी माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, हे साहेब होते का त्या दिवशी?

झुंबरबाईंनी सूप खाली ठेवलं. माझ्याकडे नीट बघितलं. "न्हाई," म्हणाल्या. "यांना आजच पाह्यलं."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. विचारलं त्याचं उत्तर दिलं आणि पुन्हा सूप उचललं. मी हातातल्या पिशवीचा बंद सोडून पुन्हा बांधला.  परतीच्या एसटीत मंठा येईपर्यंत सर खिडकीबाहेर बघत होते. उतरताना त्यांनी तुमचा पत्ता विचारला. मला माहीत नाही, असं मी सांगितलं. त्याच्या आठच दिवस आधी मी तो माझ्या हाताने पाकिटावर लिहिला होता.

ताई, आता जे लिहायचंय ते लिहितो.

वस्तीच्या नकाशाचे तुमचे ते तपकिरी कागद मी वाचले होते. जून शहाण्णवमध्ये तुम्ही ते माझ्या टेबलावर पसरले तेव्हा टेबल पुरलं नव्हतं. पण पुण्याच्या यादीत शिलाई मशीन होत्या, हापसा नव्हता. आणि वस्तीत हापसा म्हटलं की गावातले काही लोक काकासाहेबांवर नाराज होणार होते. मी एका दुपारी खुर्चीत बसून शिरवाडीचा आराखडा लिहिला आणि मग गावाचं नाव बदलून आणखी दहा वेळा लिहिला. तुम्ही बैठकीत उभं राहून म्हणालात, "हे आमच्या बायकांनी सांगितलेलं न्हाई." तेव्हा काकासाहेबांनी ठराव केला की तुमचा अहवाल खोटा आहे आणि तुम्ही वस्तीत गैरसमज पसरवून राह्यलात, म्हणून तुम्हाला कामावरून काढावं. त्याला साक्षीदार हवा होता. शिरवाडीच्या बैठकीला मी हजर होतो आणि तिथे असं काही झालं नाही, असं मी लिहून दिलं. त्या चार दिवसांत मी जालन्याला सभागृहासाठी पत्रे बघत फिरत होतो.

सही करताना तुम्ही समोर होता. तुम्ही माझ्याकडे बघत होता, मी कागदाकडे.

आणखी एक. गेल्या नोव्हेंबरात एसटी बदनापूरला थांबली होती. कृषी संशोधन केंद्राच्या फाटकातून रोजंदारीच्या बायका बाहेर पडत होत्या. त्यांत तुम्ही होता. डोक्याला रुमाल, हातात विळा. बारावी झालेली, अकरा गावांत सगळ्यात चांगलं लिहिणारी बाई. तुम्ही बसकडे बघितलं आणि मी पेपर उघडून तोंडापुढे धरला.

दाशरथे सर शनिवारी परत जाणार आहेत. तुम्ही येऊन त्यांना सगळं सांगितलं तर, असं वाक्य मी इथे लिहिलं होतं. वर खोडलेलं दिसतंय ते तेच. पुन्हा तुम्हालाच पुढे करायला निघालो होतो. येऊ नका. मी काय करणार ते मलाच माहीत नाही. माझी खोली, उषाची नोकरी, सासरवाड, सगळं एकाच फाटकाच्या आत आहे. त्या फाटकाची किल्ली दुसऱ्याकडे आहे. हे मी सबब म्हणून सांगत नाही. तुमच्याकडे तर खोलीसुद्धा नव्हती, आणि तुम्ही बोललात.

बद्रीनाथ



मंठा,
दि. २६ एप्रिल १९९८

कौसल्याताई,
जयभीम.

हे शेवटचं पत्र. यानंतर तुम्हाला त्रास देणार नाही.

त्या शनिवारी दाशरथे सरांना सोडायला मी बसस्थानकावर गेलो. तुमचे तपकिरी कागद माझ्या पेटीच्या तळाशी होते, त्यांना वाळवी कधीच लागली नव्हती. ते का जपून ठेवले, मला सांगता येत नाही. वर्तमानपत्रात गुंडाळून मी ते सरांच्या हातात दिले आणि बस लागेपर्यंत सगळं सांगितलं. आराखडे कोणी लिहिले, साक्ष कोणी दिली, तुम्ही कुठे आहात. रूपरेषेत ते शब्द का घातले तेही सांगितलं. सर बाकावर बसून ऐकत होते. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं, "त्या बाईंना परत घेणार?" मी म्हणालो, ते माझ्या हातात नाही. ते म्हणाले, "मी अहवाल लिहितो, तो माझ्या हातात आहे. तुमच्या हातात काय आहे ते बघा." मग ते बसमध्ये चढले. त्यांना पायरी चढवत नव्हती, मी खालून हात दिला.

अहवाल मार्चमध्ये आला. सरांनी काही लपवलं नाही. अकरा आराखडे एकाच टेबलावर तयार झाले, शिरवाडीची खरी मागणी दाबली गेली, ती नोंदवणाऱ्या कार्यकर्तीला काढून टाकलं, सगळं लिहिलं. मी सामान बांधायच्या तयारीत होतो. खरं सांगतो, हलकं वाटत होतं.

पण झालं भलतंच. पुण्याचे लोक आले. काकासाहेबांनी नव्या सभागृहात तो अहवाल स्वतः वाचून दाखवला. संस्थेने आपल्या चुका आपणहून बाहेर काढल्या, एवढी हिंमत कोण दाखवतो, असं म्हणाले. तुमच्याबद्दलचा परिच्छेद त्यांनी वाचला नाही. पुण्याचे लोक खूश झाले. तीन वर्षं मंजूर झाली, आणि सगळे आराखडे नव्याने करायला नियोजन प्रमुख म्हणून माझं नाव जाहीर झालं. टाळ्या झाल्या. मला हार घातला, ताई. मी तो घालून घेतला.

नंतर काकासाहेबांनी मला खोलीत बोलावलं. आवाज चढवला नाही. "बद्री, तुला वाटलं असंल तू सुटला. आता तर तू पक्का झाला. उषालाबी सांग, खोली सोडायचं डोक्यात आणू नका." तुमच्यावरचा ठराव रद्द करा, असं मी त्यांना त्याच वेळी म्हणालो. ते म्हणाले, ठराव हे रेकॉर्ड आहे, रेकॉर्ड बदलत न्हाई. दुसऱ्यांदा म्हणालो तर त्यांनी उषाचं नाव घेतलं. तिसऱ्यांदा मी म्हणालो नाही.

घरी येऊन मी उषाला पहिल्यांदा सगळं सांगितलं. तिने हातातलं भांडं पुसून फळीवर ठेवलं. मग म्हणाली, "काका मला विचारतील." मी म्हणालो, सांग. ती म्हणाली, "ह्या वेळी न्हाई सांगणार."

शिरवाडीच्या वस्तीत गेल्या आठवड्यात बोअर घेतला. पाणी लागलं, हापसा बसला. उद्घाटनाला काकासाहेब होते. झुंबरबाईंनी पहिली कळशी भरली, आणि मी शेजारी उभा असताना मला म्हणाल्या, "हे कौसल्याचं पाणी हाय. तिला कळवा." म्हणून हेही कळवतो.

यासोबत एक कागद आहे. मुद्रांकावर केला आहे, जालन्याला जाऊन. जून शहाण्णवच्या ठरावावर मी खोटी साक्ष दिली, बैठकीला मी नव्हतो, तुमचा अहवाल शब्दशः खरा होता, हे माझ्या पूर्ण नावानिशी लिहिलं आहे. तुम्ही तो कोर्टात द्या, पुण्याला पाठवा, पेपरात छापा. तसं केलंत तर मला इथून काढतील, आणि उषालाही. तिने तो वाचला आहे. मी स्वतः तो घेऊन कुठेच गेलो नाही, फक्त तुम्हाला पाठवला. माझ्याकडून एवढंच झालं, आणि हे अपुरं आहे हे मला कळतं. उद्या सकाळी मला दुसऱ्या गावात नव्या आराखड्याच्या बैठकीला जायचंय, त्याच संस्थेच्या जीपमधून.

कागद चुलीत घातलात तरी तुमचा अधिकार आहे.

तुम्ही मला बद्रीभाऊ म्हणायचात. ते नातं मी त्या सहीबरोबर देऊन बसलो, तेव्हा खाली नुसतं नाव लिहितो.

बद्रीनाथ