खालचा कप्पा

दि. ३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आई गेल्यावर आपला पत्रव्यवहार बंदच पडला. तू लिहिलं नाहीस, मीही लिहिलं नाही, फिटंफाट झाली. आज काम आहे म्हणून लिहितेय, हे आधीच कबूल करते.

आम्ही एक मुलगी सांभाळायला घ्यायचं ठरवलंय. तू दहा वर्षांची असताना प्रार्थनामंदिराच्या ज्या मंडळाने तुला आमच्या घरी आणून ठेवलं, तेच मंडळ. बाई बदलल्या, पण शनिवारची तपासणी तशीच आहे. प्रार्थनेला दर आठवड्याला यायची अटही आहे. आमचे हे बस चालवून दमलेले असतात, पहिल्याच स्तोत्राला पेंगतात. मी दिवसभर दुकानात चष्म्याच्या काचा घासते, मला डोळे मिटायला बरंच वाटतं. देवाने त्याचा काय अर्थ लावायचा तो लावावा.

लहानपणी माझ्यासोबत एका छपराखाली राहिलेल्या माणसाची शिफारस मंडळाला हवी आहे. तुझ्याशिवाय कोण उरलंय? फॉर्म सोबत आहे. दहा प्रश्न आहेत. जुनं उगाळत न बसता दोन बरे शब्द लिही आणि महिनाअखेर पाठव, नाहीतर मुलगी दुसरीकडे जाईल. सहा वर्षांची आहे. दोन घरांनी परत केलीय. मी एकदाच पाहिलं, तिने माझ्याकडे मान वर करूनही बघितलं नाही.

लोभ असावा असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिते.
तुझी,
धाकटी

दि. ११ मार्च

चि. सौ. धाकटीस,
अ. उ. आ.

पत्रात ‘ताई’ वाचून पाकीट उलटंसुलटं करून पाहिलं, चुकून दुसऱ्या कुणाचं आलं की काय. आठ वर्षं मी तुझी ‘पाहुणी’ होते. शाळेतही तू तेच नाव पसरवलंस. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात, त्यातलं गाढव मी आहे एवढं कळलं.

जुनं उगाळू नको म्हणतेस. मी इस्पितळाच्या धुलाईघरात वीस वर्षं काढली आहेत. जुना डाग कुठला आणि नुसता मळ कुठला, हे मला हात लावताच कळतं. दर शनिवारी मंडळाच्या बाई यायच्या आणि सुरुवातीचे अकरा शनिवार माझी पिशवी दाराशी तयार असायची. तू ठेवायचीस. वर चपला जोडून. बाई हसून म्हणायच्या, धाकटीला गंमत वाटते. मला प्रत्येक वेळी वाटायचं, आज निघायचं. आई पिशवी आत नेईपर्यंत मी दाराशीच उभी राहायचे. आणि आता त्याच मंडळाकडून तुला मूल हवंय? कुठल्या तोंडाने?

मी प्रार्थनेला जाते तेव्हा पेंगत नाही. खोटं लिहिणार नाही.

घरधन्यास नमस्कार. त्यांच्याशी माझं भांडण नाही.
ताई

दि. १६ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मी आठ वर्षांची होते! एक दिवस शाळेतून आले तर माझ्या पलंगावर एक मुलगी. आई म्हणाली, सगळं अर्धं अर्धं. बरं, केलं. आपल्या लाकडी कपाटातला खालचा कप्पा मी स्वतः रिकामा केला, माझ्या बाहुल्या बाहेर काढून. तुला हे ठाऊक तरी आहे का?

तू त्यात एक रुमाल ठेवला नाहीस. रोज संध्याकाळी फ्रॉकची घडी घालून परत पिशवीत. आमच्या कपाटाला काय रोग झाला होता? मला वाटलं, हिला जायचंच आहे, तर जाऊ दे एकदाची. म्हणून ठेवायचे पिशवी दाराशी. तू गरीब गाय आणि मी तेवढी कसाई, हे मला मान्य नाही. तू नोकरीला निघून गेलीस तोवर तो कप्पा रिकामाच होता. बाहुल्या मी परत ठेवल्या नाहीत.

लिहायचं नसेल तर फॉर्म फाडून टाक. तुझ्या पाया पडणार नाही.
धाकटी

दि. २४ मार्च

चि. सौ. धाकटीस,
अ. उ. आ.

फॉर्म मंडळाकडे धाडला. पिशवी लिहिली, चपला लिहिल्या, अकरा शनिवार लिहिले. ‘पाहुणी’ही लिहिलं. कप्प्याचंही लिहिलं, कारण तेही खरंच असणार. खोटं बोलायला तुला कधी जमलं नाही.

दहावा प्रश्न असा आहे की, या बाईकडे तुम्ही स्वतः मूल सोपवाल का. ती जागा कोरी सोडली आहे. आता जे होईल ते होईल, मला दोष देऊ नकोस.
ताई

दि. १९ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दोष देणारच. मंडळाच्या बाईंनी तुझं उत्तर सगळ्या समितीपुढे मोठ्याने वाचलं. आमचे हे चक्क जागे होते. खरं आहे का विचारलं, तर मी म्हटलं, अकरा नाही, तेरा शनिवार. मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाईंनी दहाव्या प्रश्नाची कोरी जागा सगळ्यांना दाखवली. मग म्हणाल्या की, मुलगी एक महिना देऊ, पुढचं ताई दहावा प्रश्न भरतील त्यावर. म्हणजे माझ्या मानेवरची सुरी तुझ्याच हातात.

मुलगी येऊन आठ दिवस झाले. पिशवी सोडत नाही. जेवताना मांडीवर, शाळेत जाताना पाठीला. मी आपल्या त्याच लाकडी कपाटातला खालचा कप्पा रिकामा केला, तिला दाखवला. तिने संध्याकाळी फ्रॉकची घडी घातली आणि पिशवीत ठेवली. तुझ्यासारखीच, बाही आत दुमडून. ताई, मला तिथेच रडू आलं. हे म्हणतात, ती शाळेत पिशवी विसरली की कपडे आपणच कपाटात लावून टाकू. माझं मनही तिकडे धावतं. तुझ्यावरचा राग गेलेला नाही. पण तेव्हा मी काय करायला हवं होतं, ते सांग. तुझ्याशिवाय कुणाला विचारू?

तुझी,
धाकटी

दि. २२ एप्रिल

चि. सौ. धाकटीस,
अ. उ. आ.

त्या पिशवीला कुणीही हात लावायचा नाही. घरधन्यास निक्षून सांग. कप्पा एकदा दाखवलास, पुरे. पुन्हा त्याचं नाव काढू नकोस.

शनिवारी दुपारी येते. तुला भेटायला नाही, मुलीला भेटायला. फॉर्म मंडळाकडून परत मागवला आहे, दहावा प्रश्न तुझ्या टेबलाशी बसून, तुझ्या तोंडावर भरेन.

माझी पिशवी अजून माझ्या पलंगाखाली आहे. तिच्यात तेव्हाचा तो फ्रॉक आहे. ती घेऊन येते आणि त्या मुलीसमोर उघडते. तिला दुसरा कप्पा दे. खालचा माझा आहे.

ताई