बेलरोशची बाजू

बेलरोश, मेन
११ ऑक्टोबर १९६१

ती. लुसियनदादास,
ब्लांशचा सा. न. वि. वि. न्यायाधीशाला नमस्कार कसा घालतात ते मला ठाऊक नाही. भावाला घालतात तसाच घातला आहे, गोड मानून घे.

सिनेटने तुझ्या नावाला मान्यता दिल्याचं फादर गान्यों यांनी रविवारी वेदीवरूनच सांगितलं. आई पहिल्या बाकावर होती. तिने मान वर केली नाही, पण हातातली जपमाळ थांबली, ते मी पाहिलं. ओव्हिलाच्या दुकानात तर सोमवारी दाढी करायला कमी आणि बोलायलाच जास्त माणसं आली. बाबा गावच्या मिलमध्ये कागदाच्या यंत्रावर काम करून बहिरे झाले आणि त्यांच्या मुलाला सरकार दिवसभर ऐकायचा पगार देणार, असं हा माझा न्हावी नवरा म्हणाला. त्यावर सगळे पोट धरून हसले.

मादाम थेरियोने विचारलंय की शेजाऱ्याच्या कुंपणाचा तिचा तंटा तू कधी ऐकणार. तिला म्हटलं, हे केंद्राचं अपील कोर्ट आहे, तिथे साक्षीदार येत नाहीत. खालच्या कोर्टाचं कुठे चुकलं एवढंच तीन न्यायाधीश बसून बघतात. ती म्हणाली, मग त्याचा गावाला उपयोग काय.

थोर झालास तरी घरची आठवण राहू दे.
तुझी,
ब्लांश


पोर्टलंड
२० ऑक्टोबर १९६१

चि. सौ. ब्लांश हिस अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. ओव्हिलाला सांग की त्याची कोटी मी बॉस्टनला नव्या सहकाऱ्यांना ऐकवली आणि स्वतःची म्हणून खपवली.

आता एक गोष्ट नीट ऐक, यात थट्टा नाही. इथून पुढे कुणाच्याही खटल्याबद्दल मला एक ओळही लिहायची नाही, अगदी कुंपणाबद्दलसुद्धा. लिहिलंस तर ते पत्र माझं राहणार नाही. मला ते दोन्ही बाजूंच्या वकिलांपुढे ठेवावं लागेल आणि बहुतेक त्या खटल्यातून उठावंही लागेल. हवापाणी, आईचे गुडघे, कुणाचं लग्न ठरलं, कुणाचं मोडलं, हे सगळं मात्र भरभरून लिही. पोर्टलंडमध्ये मला आपल्या फ्रेंचमध्ये रागावणारं कुणी नाही.

आईला सांभाळ. माझ्या वाटची माया तिच्याकडेच जमा करत जा.
तुझा दादा,
लुसियन


बेलरोश
१० मार्च १९७४

ती. दादास सा. न. वि. वि.

तेरा वर्षं मी तुझा नियम पाळला. आजही पाळतेच आहे. हे पत्र खटल्याबद्दल नाही, माणसांबद्दल आहे.

खालच्या कोर्टाने मिलला नदीत घाण पाणी सोडायला बंदी केली, मिल अपिलात आली आणि ते ऐकणाऱ्या तिघांत तू आहेस, हे कळल्यावर गावाने सुटकेचा निःश्वास टाकला होता. ओव्हिलाचं दुकान मिलच्या फाटकासमोर आहे हे तू आधीच दोन्ही बाजूंना सांगितलंस आणि कुणी हरकत घेतली नाही, तेही पेपरात वाचलं. आणि मग गेल्या आठवड्यात सुनावणी झाली. मिलच्या वकिलाला तू प्रश्न विचारून असं सोललंस म्हणे की त्याला तोंड उघडता येईना. मिलविरुद्ध दावा लावणाऱ्या, नदीच्या खालच्या अंगाच्या कोळ्यांच्या वकिलाला मात्र एक प्रश्न विचारून सोडून दिलंस. तू मिलच्या विरुद्ध आहेस, अशी गावाची तेव्हापासून खात्री झाली आहे. काल मिलमधला ऑरेल बूशे अर्धी दाढी झालेली असताना खुर्चीतून उठला आणि फेस पुसत बाहेर गेला. ओव्हिला हातात वस्तरा घेऊन तसाच उभा राहिला.

आज मिलचे व्यवस्थापक व्हिटकम साहेब स्वतः आपल्या स्वयंपाकघरात येऊन बसले. माझ्या हातची डुकराचं मांस भरलेली पाई दोनदा घेतली, बाबांची आठवण काढली. म्हणाले, ब्लांश, तू काही वकील नाहीस, तू बहीण आहेस. इथल्या बायका कशा झोपतात, काय बोलतात, एवढं भावाला कळवायला कुठला कायदा आड येतो? मला ते पटलं. म्हणून लिहिते. दादा, नदी घाण आहे हे मला मान्य आहे, उन्हाळ्यात खिडकी उघडता येत नाही. पण मिल बंद झाली तर खिडकी उघडायला इथे माणूस राहणार नाही. बाबांनी कान दिले त्या यंत्राला थोडी सवलत दे. घाईने बंद करू नकोस. एवढंच मागणं आहे.

रागावू नकोस. रागावलास तरी लिहीत राहा.
तुझी,
ब्लांश


पोर्टलंड
१४ मार्च १९७४

चि. सौ. ब्लांश हिस आशीर्वाद.

तुझं पत्र आज आलं. त्याच्या प्रती दोन्ही बाजूंच्या वकिलांकडे आणि माझ्या दोन सहकाऱ्यांकडे गेल्या आहेत. या खटल्यातून मी उठलो आहे. माझ्या जागी दुसरे न्यायाधीश बसतील आणि सुनावणी पुन्हा होईल.

तुझं पत्र आता कोर्टाच्या कागदांत आहे, पेपरवाल्यांना ते वाचता येईल. ओव्हिलाला आधीच सांगून ठेव.

रागावलो नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. निकाल लागेपर्यंत मला पत्र पाठवू नकोस, आईच्या गुडघ्यांबद्दलसुद्धा नाही. तब्येतीला जप.
लुसियन


बेलरोश
८ डिसेंबर १९७४

ती. दादास सा. न. वि. वि.

निकाल लागला, आता लिहायला हरकत नसावी. एक न्यायाधीश मिलच्या बाजूने, एक विरुद्ध, आणि तुझ्या जागेवर आलेला विरुद्ध. मिल हरली. मालकांनी वसंतात टाळं लावायचं जाहीर केलं आहे.

पण मला त्याआधीचं सांगायचं आहे. माझं पत्र पेपरात छापून आलं तेव्हा मला वाटलं, आता लोक माझ्या तोंडावर थुंकतील. झालं उलटंच. दुसऱ्या दिवशी दारात केक. संध्याकाळी आणखी दोन. ऑरेल बूशेची बायको माझे हात धरून म्हणाली, तू आम्हाला वाचवलंस, त्याला तिथून उठवलंस. चर्चमधून निघताना व्हिटकम साहेबांनी मला टोपी काढून अभिवादन केलं आणि हसले. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. त्यांना तुझं मन वळवायचंच नव्हतं. तू पत्र लपवणार नाहीस, ही त्यांची खात्री होती. तुझ्या सचोटीवर त्यांनी सगळा डाव मांडला, आणि तो मांडायला मी त्यांना खुर्ची दिली, वर पाईही वाढली.

ते केक मी कोंबड्यांना घातले. गाव अजूनही म्हणतं की तू असतास तरी विरुद्धच गेला असतास, ब्लांशने निदान एक मत वाचवायचा प्रयत्न केला. मला ते ऐकवत नाही. दादा, मी तुला तुझ्या खुर्चीतून ओढून काढलं. माफ कर म्हणायला तोंड नाही, तरी म्हणते. आई आता तुझं नाव निघालं की खोलीतून उठून जाते. ती तुझ्यावर रागावली आहे की माझ्यावर, ते विचारायचा मला धीर होत नाही.

जमलं तर पुन्हा लिही.
ब्लांश


बेलरोश
४ मे १९८६

ती. दादास सा. न. वि. वि.

तू झगा कायमचा उतरवलास हे कळलं. पेपरात तुझ्या पंचवीस वर्षांवर मोठा लेख आला आहे. फोटोत थेट बाबांसारखा दिसतोस, फक्त बाबा इतके गंभीर कधीच नसत.

इतकी वर्षं तू मला प्रेमाने लिहीत आलास, पण त्या मार्चबद्दल एक अक्षर नाही. आई तुझं नाव न घेताच गेली. मिल गेल्यावर ओव्हिलाने दुकान बंद केलं आणि ल्युइस्टनला दुसऱ्याच्या खुर्चीवर केस कापत राहिला. त्याच्या मनात काय आहे ते तो मला सांगत नाही. दादा, आता तू कुणाचाही न्यायाधीश नाहीस. मला सांग, तू तिथे राहिला असतास तर कुठे उभा असतास? मला वाचवायचं म्हणून खोटं लिहू नकोस. तेवढं मी ओळखते.

उत्तर दिलंस तरी आणि नाही दिलंस तरी,
तुझीच ब्लांश


पोर्टलंड
१५ मे १९८६

चि. सौ. ब्लांश हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

आतल्या विचारविनिमयाचं बाहेर सांगू नये, हे मी आयुष्यभर तरुण वकिलांना शिकवलं. दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर हसून विषय बदलला असता. पण तू न मागता या गोष्टीचं ओझं वाहिलंस, म्हणून तुला सांगायलाच हवं.

मी मिलच्या बाजूने होतो. नदीत सोडायला मोकळीक द्यायची नव्हती, पण पाणी शुद्ध करायची व्यवस्था उभारायला दोन वर्षं द्यावीत, तोवर बंदी उठवावी, असं माझं मत झालं होतं. राहिले ते दोघे एकेका बाजूला होते. माझं मत पडलं असतं तर मिल जिंकली असती.

त्यांच्या वकिलाला मी सोललं, ते त्याच्या बाजूने कौल द्यावासा वाटला म्हणूनच. ज्या बाजूकडे माझं मन झुकतं तिचीच मी हाडं मोजतो, नाहीतर लिहिलेला निकाल उद्या टिकणार कसा? माझ्या हाताखालच्या मुलांना हे ठाऊक होतं, मेनमधल्या प्रत्येक वकिलाला ठाऊक होतं. मी शांत बसलो की तेच घाबरायचे. व्हिटकमने न्यूयॉर्कहून महागडा वकील आणला आणि इथल्या कुणाला काही विचारलंच नाही. व्हिटकम आणि तो वकील माझ्या प्रश्नांना भ्याले, आणि आपल्याच माणसाला उठवून बसले.

त्या दिवशी तुझं पत्र हातात घेऊन मी बराच वेळ बसलो होतो. खोलीत शेगडी पेटलेली होती. टाकलं असतं तर कुणाला कळलं नसतं. तू जे मागत होतीस ते मी देणारच होतो, आणि नेमकं म्हणूनच ते टाकता येईना. बहिणीचं पत्र जाळून बहिणीला हवा तो निकाल देणारा माणूस त्या खुर्चीवर बसायला लायक नव्हता. दोन वर्षांनी मिल टिकली असती की नाही, देव जाणे. पण तिला ती दोन वर्षं मिळाली असती.

हे ओव्हिलाला सांगायचं की नाही, तू ठरव. मला बेलरोशला यावंसं वाटतं, पण बोलावल्याशिवाय येणार नाही.
तुझा,
लुसियन


बेलरोश
२५ मे १९८६

ती. दादास सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी ओव्हिलाला वाचायला दिलं. लपवून ठेवणं मला तुझ्यापेक्षा सोपं गेलं असतं, पण केलं नाही.

त्याने चष्मा लावून सगळं वाचलं आणि विचारलं, मग त्याने ते जाळलं का नाही. मी म्हटलं, जाळलं असतं तर तो आपला लुसियन राहिला नसता. ओव्हिला म्हणाला, आपला लुसियन राहिला असता, माझं दुकान राहिलं असतं आणि तुझी आई त्याचं नाव घेत मेली असती.  दादा, तू बरोबर होतास असं मला मनापासून वाटतं, आणि तुझ्या जागी मी असते तर ते पान शेगडीत गेलं असतं, हेही तितकंच खरं आहे.

 आज जेवताना ओव्हिला माझ्याकडे न बघताच म्हणाला, शनिवारी त्याला बोलाव, भट्टीतल्या आपल्या घरच्या बीन्स त्याला तिकडे कुठे मिळत असतील. मी त्याच्याशी बोलेन असं मात्र समजू नकोस, असंही वर सांगितलं. मग जेवण अर्धवट टाकून उठला आणि इतक्या वर्षांत न काढलेली दुकानातली मोठी खुर्ची कोठारातून ओढत अंगणात आणली, पुसली, वस्तरा पट्ट्यावर घासायला बसला. कुणासाठी, ते मी विचारलं नाही.

शनिवारी ये. दाढी करून येऊ नकोस.
ब्लांश