रक्षक-१ बसवताना

१० फेब्रुवारी, सोमवार
आजपासून रोजनिशी. पेटंटच्या वेळी तारखा लागतात.
शोध असा: आमच्या खडी क्रशरवर चालत्या पट्ट्याजवळ कुणाचा हात आला, की सेन्सर पट्टा बंद करणार. नाव, रक्षक-१. इंदापूर तालुक्यात एवढे क्रशर, एवढे मेंटेनन्स सुपरवायझर, पण हे सुचलं फक्त मला. प्रमोदिनीला सांगितलं. म्हणाली, आधी घरातला मिक्सर बघा, शॉक मारतोय. बायकोला व्हिजन नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
पट्ट्याच्या रोलरवर लोखंडी जाळी आहे. सेन्सरला तिच्याआडून दिसेना. ग्राइंडरनं कापून काढली. तीन मिनिटं.
दत्तोबा पट्ट्याखाली सांडलेली खडी फावड्यानं ओढतो, वीस वर्षं तेच करतोय. म्हणाला, "सायेब, ऱ्हाऊ द्या की जाळी. ती हाय म्हणून आमी हाय." त्याला समजावलं, जाळी म्हणजे आउटडेटेड टेक्नॉलॉजी. व्हय म्हणाला. पटलं असणार.

१७ फेब्रुवारी
टेस्ट. पट्टा एकोणचाळीस वेळा थांबला. एकदा शेळीमुळं, एकदा दत्तोबाची बायको बानूबाई डबा घेऊन आली म्हणून. बाकी सदतीस वेळा का, ते कळलं नाही. मालक दादासाहेबांनी विचारलं, हे रक्षक आहे का संप? विनोदी माणूस.
सेन्सिटिव्हिटी कमी केली.

२४ फेब्रुवारी
आठवडाभर पट्टा एकदाही थांबला नाही. शंभर टक्के यश.
दत्तोबानं उगाच फावडं पुढं धरून बघितलं. तरी थांबला नाही. "आंधळं झालंय ते," म्हणाला. फडक्यानं पुसलं, तर पाच मिनिटं नीट चाललं. म्हणजे डिझाइन बरोबर, धूळ चूक. दगड फोडतात तिथं इतकी धूळ असेल याचा अंदाज नव्हता. मी इथं अकराच वर्षं आहे.
उपाय: दर अर्ध्या तासानं सेन्सर पुसायचा. काम दत्तोबाकडं. पट्टा चालू ठेवूनच, प्रोडक्शन थांबायला नको.

२८ फेब्रुवारी
बानूबाई डबा द्यायला आली तेव्हा माझ्याकडं आली. जाळी परत बसवा म्हणे. सुरक्षा सप्ताह झाला की बघतो म्हणालो. चार तारखेला पाहुणे येणार, डेमो आहे. भाषण तयार. दोनदा आरशासमोर म्हटलं. टाळ्यांसाठी जागा सोडल्यात.

४ मार्च, मंगळवार
डेमो झाला नाही.
पाहुणे यायच्या आधी दत्तोबा सेन्सर पुसत होता. आज जास्त चकाचक कर म्हणालो होतो. फडकं रोलरमध्ये गेलं. फडक्यामागं हात. बानूबाई तिथंच होती, तिनं धावत जाऊन मेन स्विच पाडला. मी भाषणाचा कागद धरून उभा.
दोन बोटं गेली. मनगट मोडलं. बारामतीला दवाखान्यात नेलं.
रक्षक-१ चा हिरवा दिवा सगळा वेळ चालू होता.

५ मार्च
अपघाताचा रिपोर्ट मलाच लिहायचाय. कारण: कामगाराचा निष्काळजीपणा. खोडलं. कारण: धूळ. खोडलं. कारण: फडक्याचा निकृष्ट दर्जा. हे टेक्निकली बरोबर आहे.
प्रमोदिनीनं कागद वाचला. माझं ताट उचलून आत नेलं. मी परत मागितलं नाही.

७ मार्च, शुक्रवार
दवाखान्यात गेलो. काटेवाडीपासून मोटरसायकलवर वाक्य पाठ करत होतो: प्रत्येक संशोधनाला काही मर्यादा असतात.
दत्तोबा झोपला होता. हाताला एवढं मोठं बँडेज. बानूबाई उशाशी. वाक्य आठवेना. म्हणालो, जाळी मी काढली.
वाटलं रडेल, शिव्या देईल. द्याव्यात असंही वाटलं. ती उठली, मला बसायला स्टूल दिलं.
"ते समद्यास्नी ठावं हाय, सायेब," म्हणाली. "परत कवा बसवताय तेवढं सांगा. सोमवारपासनं ह्यांच्या जागी मी हाय पट्ट्यावर."